समोरच्यासारखी चाल

अनंत राऊळ विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूमला होता, आणि तिथून सुटला की बुद्धिबळात असायचा. मधला जो काही वेळ उरे तो बायको सुनंदाच्या आणि मुलगी रेवतीच्या वाट्याला येई. त्यातही त्याचं अर्धं लक्ष पटावर. जेवताना डाळीत बोट बुडवून ताटाच्या कडेला चौकोन काढत बसायचा, आणि सुनंदाने वाढायला भांडं पुढे केलं की तिच्याकडे अशा नजरेने बघायचा, जणू ही बाई आपल्या घरात कशी आली ते त्याला आठवत नाहीये.

लग्न होऊन ती कन्नमवारनगरात आली तेव्हा त्याचे डाव पोस्टकार्डावर चालायचे. एका कार्डावर एक चाल. कोणी नागपूरला, कोणी बेळगावला, एक जण तर अंदमानात नोकरीला होता. पुढे कार्डं बंद झाली, कॉम्प्युटर आला, मग फोनवरच सगळं यायला लागलं. पद्धत मात्र तीच राहिली. आपण एक चाल करायची आणि समोरच्याच्या चालीची वाट बघत दिवसच्या दिवस काढायचे.

"माणूस समोर नसताना कसलं खेळता?" नवीन असताना तिने एकदा विचारलं होतं.

"समोर असलो की त्याचा तोंड बघूक लागता गो," तो म्हणाला होता, आणि पुन्हा पटाकडे वळला होता.

हे उत्तर सुनंदाच्या मनातून कधी गेलं नाही. ती बालवाडीत शिकवायची, दिवसभर पोरांच्या तोंडाकडे बघत. तिला वाटायचं, या माणसाला आपलंही तोंड बघावं लागतं याचाच त्रास होत असणार. भांडण असं फार कधी झालं नाही. रेवतीला टायफॉइड झाला होता तेव्हा एकदाच तिने पट उचलून बाल्कनीत फेकला होता. अनंतने सोंगट्या गोळा केल्या, रेवतीच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि डाव पुन्हा जसाच्या तसा मांडला. त्याला तो पाठ होता.

निवृत्तीनंतर त्याचे बाकीचे भिडू एकेक करून कमी झाले आणि चंद्रप्रकाश गुप्ते तेवढे उरले. गुप्ते कांदिवलीला राहायचे, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. इतक्या वर्षांत दोघांची भेट दोनदाच झाली होती, तीही मुलुंडच्या कुठल्याशा स्पर्धेत. मुंबईच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला ते, आणि दोघांनाही भेटायची घाई नव्हती. एक डाव संपला की दुसरा सुरू.

त्या श्रावणात अनंतला झटका आला. सकाळी दाढी करताना बाथरूममध्ये कोसळला. सुनंदा धावत गेली तेव्हा अर्ध्या गालाला साबण तसाच होता आणि तो तिच्याकडे बघून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. आवाज येत होता, शब्द येत नव्हते.

हॉस्पिटलात नेताना शेजाऱ्यांनी त्याचा चष्मा, घड्याळ आणि फोन एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिला. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी फोन पिशवीतच वाजला. तिने काढून बघितलं. इंग्रजीत लिहिलं होतं. तिने अक्षर अक्षर लावून वाचलं: अनंत राऊळ, तुमचा वेळ संपत आला आहे.

खाली बुद्धिबळाचा पट दिसला तेव्हा तिला कळलं की हे खेळाचं आहे, चाल करायची राहिलीय म्हणून आलंय. तरी काही केल्या ते वाक्य डोक्यातून जाईना. आत काचेपलीकडे त्याला नळ्या लावलेल्या. डॉक्टर सांगत होते की अजून काही सांगता येत नाही. आणि हा फोन म्हणत होता, वेळ संपत आलाय. सुनंदा उपास-तापास करणारी बाई नव्हती. पण त्या घटकेला तिला वाटलं, इथला वेळ आपण संपू दिला तर तिथलाही संपेल.

तिला खेळ येत नव्हता. घोडा अडीच घरं जातो एवढं कानावरून गेलेलं. तिने पट नीट बघितला. खालची बाजू काळी, ती अनंतची. वरची पांढरी, गुप्त्यांची. बघता बघता तिच्या लक्षात आलं की दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत. इकडे बाजूचं एक प्यादं पुढे, तिकडेही तेच. इकडे उंट कोपऱ्यात जाऊन बसलाय, तिकडेही बसलाय. फरक एवढाच की गुप्त्यांचा दुसराही घोडा बाहेर आला होता आणि अनंतचा अजून घरात होता.

तिने अनंतचा घोडा उचलला आणि समोरच्या घोड्याच्या बरोब्बर समोर आणून ठेवला. फोनने घेतला. ती वाक्याची पट्टी निघून गेली.

त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, जिवावरचं टळलंय.

मग ती थांबूच शकली नाही. गुप्त्यांची चाल आली की ती बघायची, आणि तीच चाल आपल्या बाजूने करायची. एकदा गुप्त्यांच्या राजाने दोन घरं उडी मारली आणि हत्ती त्याच्या पलीकडे जाऊन बसला. एका चालीत दोन सोंगट्या कशा हलल्या ते तिला कळेना. तिने भीत भीत राजा दोन घरं सरकवला, तर हत्ती आपोआप उडी मारून शेजारी आला. तिला एवढं हायसं वाटलं की बाजूला बसलेल्या अनोळखी बाईला तिने विनाकारण विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

अनंत घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. उजवी बाजू गेलेली. भाड्याने आणलेली लोखंडी खाट हॉलमध्ये टाकली, टीव्हीचं टेबल बाल्कनीत गेलं. दिवसा त्याचं करायला नर्सिंग ब्युरोची एक मावशी यायची. अनंतच्या तोंडात आता एकच शब्द राहिला होता. "नको." पेज भरवायला गेलं की नको. रेवतीने हात हातात घेतला की नको. पाणी हवं असलं तरी पेल्याकडे बघत नको. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूत शब्दांची जागाच मारली गेलीय, हा एक शब्द कसा तरी वाचलाय, त्याचा अर्थ घेऊ नका. सुनंदाला हे पटत होतं. पण दिवसातून शंभरदा एखाद्याने आपल्याकडे बघून नको म्हटलं तर त्याचा अर्थ घ्यायचा नाही कसा, ते कोणी शिकवलं नाही.

"काय समजतं त्यांना?" तिने विचारलं होतं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "जुन्या सवयीच्या गोष्टी समोर ठेवत जा."

फोनवरचा डाव चालूच होता. रेवतीला तिने सांगितलं नव्हतं. रेवती लग्न होऊन मुलुंडला राहायची, ऐरोलीला ऑफिस, शनिवार-रविवारी यायची. लहानपणी बापाने तिला खेळ शिकवला होता आणि दहावीत तिने तो सोडला होता. तिला सांगितलं तर ती हा उद्योग बंद करायला लावेल, असं सुनंदाला वाटे.

गुप्त्यांनी एकदा चालीबरोबर निरोप पाठवला, "अनंतराव, आरसा धरून बसलात की काय?" सुनंदाने उत्तर दिलं नाही. अनंतही कधी देत नसे. मग गुप्त्यांनी त्याच बाजूचं दुसरं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. तिनेही ढकललं. गुप्त्यांचा निरोप आला, "बघून खेळताय ना?" आणि त्यांनी मारामारी सुरू केली. त्यांच्या प्याद्याने तिरकं जाऊन तिचं प्यादं मारलं, तिनेही मारलं. त्यांच्या प्याद्याने तिचा घोडा खाल्ला, तिच्या प्याद्याने त्यांचा खाल्ला. तिला पहिल्यांदाच या खेळात जोर आल्यासारखं वाटलं.

पुढच्या चालीला गुप्त्यांचा हत्ती मोकळ्या झालेल्या रांगेतून सरळ खाली आला आणि त्याने तिचा हत्ती मारला.

सुनंदाने तीच चाल करायला बोट टेकवलं, तर बोटाखाली काही नव्हतं. जी सोंगटी हलवायची तीच मेली होती. तिने फोन उलटा-सुलटा करून बघितला. आता समोरच्यासारखं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दोन दिवस ती फोन घेऊन बसली. मग कपाटावरचा लाकडी पट काढला, फडक्याने पुसला आणि फोनमध्ये बघून एकेक सोंगटी जागेवर ठेवली. खाटेचा वरचा भाग उचलून अनंतला बसतं केलं, जेवणाचा ट्रे त्याच्यापुढे ओढला आणि त्यावर पट ठेवला.

"अहो, गुप्त्यांनी हत्ती मारला," ती म्हणाली. "मला काय कळत नाही. तुम्ही बघा."

अनंत बघत राहिला. मावशी आतून म्हणाली, "ताई, सूप गार होतंय." सुनंदाने तिला हाताने थांबवलं. त्याचे डोळे पटावर फिरत होते. हॉस्पिटलातून आल्यापासून त्याचे डोळे कशावरच असे फिरले नव्हते. मग डावा हात ब्लँकेटमधून बाहेर आला. त्याने वजीर धरला, उचलायला जमेना तसा सरकवला, एक घर तिरका.

"नको," तो म्हणाला.

सुनंदाने ती चाल फोनवर केली. फोनने घेतली. तिने मावशीला बोलावून दाखवलं, मग खाली जाऊन वाण्याकडून साखर आणली आणि शिरा केला. अनंतने चार चमचे खाल्ले. संध्याकाळी गुप्त्यांचा निरोप आला, "आता कसे जागे झालात!"

चार-पाच दिवस ती हवेत होती. गुप्त्यांची पुढची चाल आली. त्यांच्या हत्तीने तिचा उंट मारला होता. तिने पटावर तसं करून दाखवलं आणि अनंतपुढे ठेवलं. त्याने डाव्या हाताने घोडा धरला आणि सरळ रेषेत ओढत नेला, मधल्या सोंगट्या पाडत, पार त्या टोकापर्यंत.

तिने फोनवर तसं करून बघितलं. घोडा परत आपल्या जागी आला. पुन्हा केलं, पुन्हा परत. तिला वाटलं आपलंच बोट नीट पडत नाहीये. मग तिला दिसलं की सोंगटीवर बोट ठेवलं की ती जिथे जाऊ शकते तिथे बारीक ठिपके येतात. घोड्याचे ठिपके भलतीकडेच होते.

"अहो, घोडा अडीच घरं जातो ना?" ती हलकेच म्हणाली आणि घोडा परत जागेवर ठेवला.

अनंतने तिच्याकडे बघितलं. तो राग तिच्या ओळखीचा होता, इतक्या वर्षांतला तोच. त्याने घोडा पुन्हा उचलला आणि ओढत त्याच टोकाला नेऊन ठेवला. "नको," तो म्हणाला. "नको, नको."

तिने पटावर घोडा तिथेच राहू दिला. फोनवर मात्र त्यातल्या त्यात जवळच्या ठिपक्यावर ठेवला आणि पाठवून दिला.

तेव्हापासून दोन डाव झाले. एक फोनवर, त्यात ती ठिपके बघून काहीतरी चाल करायची आणि गुप्ते एकेक सोंगटी उचलून न्यायचे. दुसरा खाटेवर. तिथे अनंत काहीही करायचा. गुप्त्यांचं प्यादं उचलून आपल्याकडे घ्यायचा. दोन सोंगट्या एका घरात ठेवायचा. एकदा त्याने आपला राजा पटाबाहेर ट्रेवर आणून ठेवला आणि मग उरलेला डाव राजावाचूनच चालला. सुनंदा गुप्त्यांच्या बाजूने काहीतरी हलवायची. ती मनात म्हणायची, बरं होईल हळूहळू. बालवाडीत पोरं आधी उलटं अक्षर काढतात, मग सुलटं. पण पोरांची अक्षरं महिन्यागणिक सुधारायची. इथे गेल्या आठवड्यात प्यादं तरी पुढे जात होतं, या आठवड्यात तेही कुठेही जायला लागलं. तिला दिसत होतं सगळं. पण तेवढाच वेळ तो ब्लँकेटमधून हात बाहेर काढायचा, म्हणून ती पट मांडत राहिली.

एका रविवारी फोनवर नेहमीपेक्षा वेगळी पट्टी आली. खाली दोन बटणं होती. रेवती समोरच बसून लसूण सोलत होती. सुनंदाला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"रेवती, हे बघ गं काय आलंय."

रेवतीने हात पुसून फोन घेतला. "ड्रॉ मागितलाय. बरोबरीत सोडवू या म्हणतायत." मग तिने पट नीट बघितला. "आई, हा गुप्ते काकांचा डाव आहे? ते तर पूर्ण जिंकलेत यात. ड्रॉ कशाला मागतायत?" ती मागच्या चाली बघायला लागली. बोट थांबलं. "हे कोण खेळतंय?"

सुनंदाने लसूण आपल्याकडे ओढला.

"आई, बाबा हॉस्पिटलात होते तेव्हाच्या चाली आहेत या."

"मी केल्या. समोरचा करायचा तसंच करत गेले."

"तसंच म्हणजे?"

"त्यांनी जे हलवलं तेच मी हलवलं."

रेवतीने फोन खाली ठेवला. "बाबा मला हेच ओपनिंग शिकवायचे. म्हणायचे, कॉपी कोणी पण करेल, कधी सोडायची ते कळलं पाहिजे." तिचा आवाज चढला. "तू मला सांगितलं पण नाहीस. मी दर रविवारी येते, शेजारी बसते. त्या माणसाला वाटतंय बाबा खेळतायत. हे चीटिंग आहे आई."

"वेळ संपत आला होता त्यांचा," सुनंदा म्हणाली.

"गेम हरले असते ना, काय झालं असतं?"

रेवती पुन्हा फोन बघायला लागली, पुढे-मागे करत. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ही एक चाल तुझी नाही वाटत. वजीर बाहेर काढून हत्तीवर लावलाय. ही बरोबर आहे."

"ती तुझ्या बाबांनी केली. डाव्या हाताने."

रेवती उठली आणि खाटेशी गेली. ट्रेवर पट तसाच होता. दोन उंट एका घरात, राजा बाहेर, मधोमध चार प्यादी आडवी पडलेली. ती तिथे उभी राहून बघत होती आणि अनंत तिच्याकडे बघत होता.

"नको," तो म्हणाला.

"हो बाबा," रेवती म्हणाली. मग आईकडे न बघताच, "फोन कर काकांना. आज कर."

गुप्ते तीन-चार दिवसांनी दुपारचे आले. उंच, बारीक माणूस, इस्त्रीचा शर्ट, दारात बूट काढून ते जोडीने नीट लावले. सुनंदाने फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी त्यावर काही विचारलं नाही. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले.

"अनंतराव, ओळखलंत? गुप्ते. कांदिवलीचा."

अनंतने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. गुप्त्यांनी इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी केल्या, पायाला व्यायाम करताय का विचारलं. शेवटी त्यांनीच पटाकडे बोट दाखवलं.

"नवीन डाव मांडू या?"

त्यांनी सोंगट्या भराभर मांडल्या. सुनंदा चहा टाकायला आत गेली होती, ती ओट्याजवळून बघत राहिली. गुप्त्यांनी नेहमीचं बाजूचं प्यादं दोन घरं पुढे केलं. अनंतचा हात बाहेर आला. त्याने आपल्या बाजूचं तेच प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. गुप्त्यांनी घोडा काढला. अनंतने घोडा काढला, अडीच घरं, नीट. गुप्त्यांनी दुसरीकडचं प्यादं एक घर पुढे केलं, अनंतनेही. गुप्त्यांनी उंट कोपऱ्यात आणला. अनंतचा उंट थरथरत, प्याद्याला धक्का न लावता, त्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

चहा उतू गेला. सुनंदाने गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली.

गुप्ते पुढे झुकले होते. त्यांचा चेहरा उजळला होता. "वा," ते म्हणाले. "वा, अनंतराव." त्यांनी दुसरा घोडा काढला आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले.

अनंतने हात पुढे नेला आणि गुप्त्यांचा उंट उचलला. तो पटाच्या मध्यावर ठेवला. मग आपला राजा घेतला आणि त्या उंटाला चिकटून उभा केला.

"तो माझा उंट," गुप्ते हसून म्हणाले. त्यांनी दोन्ही सोंगट्या परत जागेवर ठेवल्या. "तुमचा घोडा काढायचाय."

अनंतने पुन्हा तेच केलं.

"अनंतराव, काळे तुमचे. हा बघा, हा घोडा." त्यांनी अनंतचा हात धरून घोड्यावर नेऊन ठेवला. अनंतने हात सोडवून घेतला. "नको," तो म्हणाला, आणि उंट पुन्हा मध्ये आणला. गुप्त्यांनी तो पुन्हा मागे नेला. असं किती वेळा झालं कोण जाणे. अनंतच्या घशातून आता नुसता आवाज यायला लागला होता, मान लाल झाली होती. मावशी धावत आली. गुप्त्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून बसून राहिले, पटाकडे बघत. मग उठले.

चहा त्यांनी घेतला नाही. बाहेर बूट घालताना त्यांना लेस बांधायला जमत नव्हतं. सुनंदा दारात उभी होती.

"वहिनी, स्पष्ट बोलतो. मला हे बघवत नाही," ते म्हणाले. "परत येईन म्हणायला काय जातं, पण मी येणार नाही. तुम्ही वाट बघू नका."

सुनंदाला वाटलं होतं की हा माणूस निदान खोटं तरी बोलेल. कोणी आलं की जाताना सगळेच बोलतात, येऊन जाईन पुन्हा म्हणून. तिने मान हलवली.

"तो फोनवरचा डाव," गुप्ते सरळ होत म्हणाले. "मी बरोबरी मागितली होती. काहीतरी बिघडलंय एवढं कळत होतं मला. तुम्ही घेऊन टाका ती."

"ते घेतील का अशी?"

गुप्त्यांनी आत खाटेकडे बघितलं. "नाही. आयुष्यात घेतली नसती."

"मग तुम्ही जिंकलात."

ते गेल्यावर तिने रेवतीला फोन करून हार कशी मानायची ते विचारून घेतलं, आणि रेवतीने सांगितलं तसं केलं. फोनने तिला दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. तिने दोन्ही वेळा हो म्हटलं. आत जाऊन तिने अनंतला सांगितलं, "अहो, तो डाव आपण हरलो." तो भिंतीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पट पुन्हा मांडला. गुप्ते गेल्यापासून एक झालं होतं. आता बरं होईल असं ती मनात म्हणत नव्हती. तो कोपऱ्यापर्यंत नीट गेला होता ते हाताच्या सवयीने, आणि सवय संपली तिथे तोही संपला होता, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. आता तो राजा उंटाजवळ नेऊन ठेवायचा तर ती तो तिथे राहू द्यायची. तिला वाटलं तर आपलं एखादं प्यादं शेजारी नेऊन उभं करायची. कधी त्याला ते चालायचं, कधी तो ते बोटाने उडवून द्यायचा. एकदा चिडून त्याने तिचा हात एवढा जोरात ढकलला की ट्रेच्या कडेवर आपटून बांगडी फुटली आणि मनगटातून रक्त आलं. त्या दिवशी तिने पट उचलून कपाटावर टाकला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली, मनगटाला हळद लावून. मग पुन्हा दोन दिवसांनी काढला.

दोघं समोरासमोर बसायची. तो पटाकडे बघायचा आणि ती त्याच्याकडे. त्याच्या भुवया कशा जवळ येतात, सोंगटी उचलण्याआधी खालचा ओठ कसा आत जातो, हे तिने इतक्या वर्षांत इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. त्याला ते कळत होतं की नाही, ती समोर आहे हे तरी कळत होतं की नाही, कोणाला ठाऊक.

दिवाळीनंतर हात बाहेर येणं कमी झालं. ती त्याच्या बोटांत प्यादं देऊन बघायची, ते ब्लँकेटवर गळून पडायचं. "नको" सुद्धा बंद झालं. तो शब्द ऐकायला मिळावा म्हणून ती मुद्दाम कडू औषध पुढे करायची. तो तोंड उघडून घ्यायचा. पौषात छाती भरली, पुन्हा हॉस्पिटल, आणि तिथून तो घरी आला नाही.

टागोरनगरच्या स्मशानात सोसायटीतली माणसं होती, कारखान्यातले चार जुने सोबती होते. बायका येत नाहीत म्हणून कोणीतरी कुजबुजलं, पण अग्नी रेवतीच देणार होती आणि सुनंदाही आली. गुप्ते मागे भिंतीशी उभे होते. रेवतीने त्यांना कळवलं होतं. गर्दी पुढे सरकली तेव्हा ते सुनंदाजवळ आले.

"मी आलो नाही," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलं होतंत."

"नंतर खेळले का कधी?"

"खेळायचे. माझ्याशी."

"तुम्हाला येतं?" गुप्त्यांनी नवलाने विचारलं. "मग काय खेळायचे?"

सुनंदाने विचार केला. पटाच्या मध्यावर राजा कसा नेऊन ठेवायचा, तिने काय शेजारी ठेवलं की तो ते राहू द्यायचा आणि काय उडवायचा, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं. पण या माणसाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"काही नाही. बसायचो," ती म्हणाली.

आतून भटजींनी रेवतीला हाक मारली. रेवतीने मागे वळून आईला शोधलं, आणि सुनंदा पदर सावरून तिच्याकडे गेली.